एकतीसचा आकडा एकतीसच राहू द्या : मानसशास्त्राच्या अभ्यासमंडळांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी पदवीच्या वर्गांना मानसशास्त्र शिकवते. तुम्ही आखलेला अभ्यासक्रम वर्षानुवर्षं वर्गात नेणाऱ्या अनेकांपैकी मी एक. प्रात्यक्षिकांना गुण कशासाठी द्यावेत, याबद्दल हे पत्र आहे. मुद्द्यावर येण्याआधी माझ्या विद्यार्थिदशेतली एक दुपार सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापासूनच सुरू होतं.

प्रयोगशाळेत आरशात बघून चांदणी रेखाटण्याचा प्रयोग होता. टेबलावर दुहेरी रेषांची चांदणी, समोर आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून मध्ये आडवी पाटी. आरशात बघत दोन रेषांच्या मधून सळई फिरवायची, रेषेला स्पर्श झाला की एक चूक धरायची. आधी डाव्या हाताने एक फेरी, मग उजव्या हाताने दहा फेऱ्यांचा सराव, शेवटी पुन्हा डाव्या हाताने एक फेरी. उजव्या हाताने कमावलेलं कसब डाव्या हातातही उतरतं, हे दाखवायचं होतं. माझी प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती, माझीच वर्गमैत्रीण. उजव्या हाताच्या चुका फेरीगणिक कमी होत गेल्या. डाव्या हाताच्या मात्र पहिल्या वेळी २४ झाल्या होत्या आणि सरावानंतर झाल्या ३१.

वही घेऊन मी बाईंकडे गेले. आकडे बघून त्या म्हणाल्या, “उलटं कसं येईल? परत बघ, कुठेतरी चुकलं असेल.” परत बघायला वेळ नव्हता, पुढची तुकडी दाराशी उभी होती. मी जागेवर आले आणि ३१ चे १३ केले. नुसती दोन अंकांची अदलाबदल. निष्कर्षाचं पान तर आदल्या रात्रीच लिहून झालं होतं, वरच्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीतून उतरवलेलं : ‘वरील निरीक्षणांवरून गृहीतक सिद्ध होते.’ वहीवर सही झाली. पूर्ण गुण मिळाले.

त्या ३१ मध्ये काय काय दडलेलं असू शकत होतं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. मैत्रिणीचा खांदा दहा फेऱ्यांनी भरून आला असेल. शेवटची फेरी उरकायची म्हणून तिने घाई केली असेल. किंवा तो निव्वळ योगायोग असेल, कारण एका माणसाची एक फेरी कुठेही जाऊ शकते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे खरोखरच १३ चुका झाल्या असत्या, तरी गृहीतक सिद्ध झालंच नसतं. डावा हात तोच प्रकार दुसऱ्यांदा करत होता, तेव्हा तो तसाही सुधारला असता. उजव्या हाताचा काही वाटा आहे का हे कळायला, मधल्या वेळात उजव्या हाताने सराव न केलेली माणसंही हवी होती. तसा गट आमच्या प्रयोगात नव्हता. म्हणजे जे त्या प्रयोगातून कळणं शक्यच नव्हतं ते मी ‘सिद्ध होते’ म्हणून लिहिलं, आणि जे समोर घडलं होतं ते पुसलं. हे सगळं मी ज्या तासाला केलं, त्याचं वेळापत्रकातलं नाव होतं ‘प्रायोगिक मानसशास्त्र’.

मानसशास्त्राची पदवी कितपत वैज्ञानिक, असा प्रश्न आला की आपण ठरावीक उत्तरं देतो. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. आमच्याकडे संख्याशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. उपकरणं आहेत, प्रयोग होतात, मेंदूचा अभ्यास होतो. पदवीच्या नावात ‘कला’ असावं की ‘विज्ञान’ यावरही वाद होतात, पण मला तो वाद फारसा कामाचा वाटत नाही. या उत्तरांतली प्रत्येक गोष्ट खरी आहे, आणि ती सगळी विषयाबद्दल आहेत. पदवी ही वेगळी गोष्ट आहे. तीन-चार वर्षांत विद्यार्थ्याच्या हातून काय करवून घेतलं जातं आणि कशाला गुण मिळतात, त्यावर पदवी कशी आहे ते ठरतं. उत्तमातलं उत्तम विज्ञान पाठांतराने शिकवता येतं. मग पाचवं किंवा दहावं प्रकरण म्हणून ते डोक्यात जातं आणि परीक्षेनंतर निघून जातं.

एकाच माणसावर केलेलं संशोधन विज्ञान असूच शकत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. हेर्मान एबिंगहाउस यांनी विस्मरणाचा वक्र, म्हणजे काळ जातो तसं पाठ केलेलं किती विसरतं हे दाखवणारी रेषा, स्वतःवरच प्रयोग करून काढला. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या, ठरावीक काळाने पुन्हा पाठ करायच्या, आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजायचं. हे काम १८८५ मध्ये पुस्तकरूपाने आलं. २०१५ मध्ये यॅप मुरे आणि यूरी ड्रोस या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तोही एकाच माणसावर, सुमारे ७० तासांचं पाठांतर करवून. वक्र बराचसा तसाच आला. १३० वर्षांनी दुसऱ्या भाषेतल्या, दुसऱ्या काळातल्या माणसाला तो प्रयोग जसाच्या तसा करता आला, कारण एबिंगहाउस यांनी आपली पद्धत आणि आकडे तपशीलवार लिहून ठेवले होते. माझ्या वहीवरून माझा प्रयोग पुन्हा करायला गेलं, तर कुणाच्या हाती काय लागेल?

हा एकट्या विद्यार्थिनीच्या वहीचा दोष असता, तर मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. आपल्या विषयाच्या मोठ्या शोधपत्रिकांमध्येही गेल्या पंधरा वर्षांत नेमकं हेच उघडकीला आलं आहे.

२०११ मध्ये डॅरिल बेम या नामवंत मानसशास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध आघाडीच्या शोधपत्रिकेत छापून आला. नऊ प्रयोग, हजारावर प्रयुक्त, आणि निष्कर्ष असा की माणसाला अजून न घडलेल्या गोष्टींची चाहूल लागते. त्यातल्या पद्धती त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या, आपण वर्गात शिकवतो त्याच होत्या. अस्वस्थ करणारी गोष्ट हीच होती. सगळे रीतसर वापरत असलेल्या पद्धतींनी जर भविष्य दिसतं असं सिद्ध होत असेल, तर त्या पद्धतींतच कुठेतरी भोक आहे. तिघा संशोधकांनी त्यातला एक प्रयोग पुन्हा करून पाहिला, काही निघालं नाही, तेव्हा त्याच शोधपत्रिकेने त्यांचा निबंध नाकारला. आम्ही फेरप्रयोग छापत नाही, हे कारण देऊन.

त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन या तिघांनी ते भोक कुठे आहे ते दाखवून दिलं. एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय जवळपास दीड वर्षाने कमी होतं, असा निष्कर्ष त्यांनी खऱ्याखुऱ्या आकडेवारीतून आणि प्रचलित रीतींनी काढला. ऐकणाऱ्याला तरुण वाटतं असं नव्हे, चक्क वयच कमी! काय केलं होतं? अनेक गोष्टी मोजायच्या आणि जी जुळेल तेवढीच सांगायची. मध्येच आकडे तपासायचे, फरक दिसला की थांबायचं, नाही दिसला तर आणखी माणसं घ्यायची. एखादा गट गैरसोयीचा असला तर तो गाळायचा. अशा चार सवलती एकत्र घेतल्या, तर जिथे काहीच नाही तिथे ‘काहीतरी आहे’ म्हणण्याचा धोका ५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या वर जातो, हे त्यांनी गणिताने मांडलं. यातल्या एकाही पायरीवर कुणी ३१ चे १३ करत नाही. तरीही परिणाम तोच होतो.

मग २०१५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या प्रकल्पाचे निकाल आले. तीन शोधपत्रिकांत २००८ साली छापले गेलेले १०० अभ्यास पुन्हा करण्यात आले होते. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये निष्कर्ष सार्थ होता, म्हणजे संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीवर उतरला होता. फेरप्रयोगांत ते प्रमाण ३६ टक्के निघालं, आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्म्यावर आला. दुसऱ्या वर्षी २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक माणसांवर ‘इच्छाशक्ती वापरली की संपत जाते’ ही लोकप्रिय कल्पना तपासली. परिणाम जवळजवळ शून्य होता.

हे आकडे सांगितले की काही सहकारी नाराज होतात. आपणच आपल्या विषयाची अब्रू घालवतो आहोत, असं त्यांना वाटतं. मला उलटं वाटतं. कॅन्सरच्या संशोधनातले ५३ महत्त्वाचे अभ्यास एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पुन्हा करून पाहिले, तेव्हा फक्त ६ टिकले, असं त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं. दुखणं एकट्या मानसशास्त्राचं नाही. पण स्वतःची झडती घेण्याचं काम मानसशास्त्राने पुष्कळ मोठ्या प्रमाणावर केलं, आणि मला या विषयाचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो इथे. डॅनियल कानमन यांच्यासारख्या नोबेलविजेत्याने २०१२ मध्ये आपल्याच क्षेत्रातल्या संशोधकांना खुलं पत्र लिहून घर साफ करायला सांगितलं, आणि पुढे आपणही लहान नमुन्यांच्या, म्हणजे थोड्याच माणसांवर केलेल्या अभ्यासांवर नको तितका विश्वास ठेवला हे मोकळेपणाने कबूल केलं. शास्त्रज्ञ म्हणजे कोण, हे विद्यार्थ्याला दाखवायचं तर याहून चांगला धडा मला सापडत नाही. पण हा धडा बहुतेक विद्यार्थ्यांना तीन वर्षांत कधी भेटतच नाही. त्यांना भेटतात ते शेवट झालेले, चौकटीत बसवलेले निष्कर्ष.

सामाजिक मानसशास्त्राचा तासच घ्या. स्टॅनफर्डचा तुरुंग प्रयोग सांगायला लागलं की वर्ग एकदम गप्प होतो. १९७१, साधी सरळ मुलं, काहींना पहारेकऱ्यांचे गणवेश, काहींना कैद्यांचे कपडे, दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळावा लागला. गोष्ट म्हणून ती जबरदस्त आहे. मीही ती कितीतरी वर्षं तशीच सांगितली. पण प्रमुख संशोधक झिंबार्डो स्वतःच तुरुंगाधिकारी झाले होते. पहारेकऱ्यांनी कसं वागावं याच्या सूचना त्यांना मिळाल्या होत्या, हे कागदपत्रं आणि ध्वनिमुद्रणं तपासून तिबो ल तेक्सिए यांनी २०१९ मध्ये मांडलं. गणवेश चढवला की माणूस आपोआप क्रूर होतो, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आता पहिला भाग परीक्षेला आहे आणि दुसरा नाही, तर विद्यार्थी काय लिहील?

किंवा १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये झालेली किटी जेनोव्हीज या तरुणीची हत्या घ्या. ३८ जण खिडकीतून बघत राहिले आणि कुणी काही केलं नाही, ही वर्तमानपत्रातली कहाणी पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी पुरावे तपासले, तेव्हा तसे ३८ साक्षीदार असल्याचा आधार मिळाला नाही. बघे जास्त असले की मदतीला पुढे येण्याची शक्यता कमी होते, याला बघ्यांचा परिणाम म्हणतात. इथे मुलं हमखास विचारतात, “मग बघ्यांचा परिणाम हे सगळं खोटंच का?” तसं नाही. डार्ली आणि लाटाने यांचे १९६८ चे प्रयोग त्या बातमीतून सुचले होते, पण त्यांचा पुरावा त्या बातमीवर उभा नाही. कथा पडली आणि प्रयोग उभे राहिले. एखाद्या विधानाचा आधार नेमका कशात आहे, हे शोधायला ही एक जोडी पुरते. मी ती आता दोन तास शिकवते आणि त्यासाठी दुसरं एक प्रकरण घाईत संपवते. हा निर्णय मला एकटीला घ्यावा लागू नये.

संख्याशास्त्राबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण तिथे आम्ही शिक्षकही दोषी आहोत. आपण मुलांना सूत्रं देतो, गणितं सोडवून घेतो, तक्त्यात किंमत बघायला लावतो आणि ‘०.०५ पातळीवर सार्थ’ असं लिहायला शिकवतो. त्याचा अर्थ विचारला की दहातली नऊ मुलं म्हणतात, “म्हणजे आपलं गृहीतक खरं असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.” त्याचा अर्थ तो नाही. प्रत्यक्षात काहीही परिणाम नसताना, केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच तो आकडा सांगतो. हाल्लर आणि क्राउस यांनी २००२ मध्ये जर्मनीतल्या सहा विद्यापीठांत या अर्थाबद्दल सहा विधानं लोकांसमोर ठेवली होती. सहाही चुकीची. विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने किमान एक विधान बरोबर मानलं. आणि संख्याशास्त्र व संशोधनपद्धती शिकवणाऱ्यांपैकी ८० टक्के लोकांनीही. तो निबंध वाचला त्या रात्री मी माझ्या जुन्या टिपणांची वही काढून बसले. त्यातली दोन विधानं मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहिली होती.

तेव्हापासून मी पहिल्या तासाला सूत्र देत नाही. प्रत्येकाला एक नाणं काढायला सांगते आणि वीसदा उडवायला लावते. साठ मुलांच्या वर्गात साधारण दोन-तीन जणांना पंधरा किंवा जास्त वेळा एकच बाजू येते. त्यांना पुढे बोलावते आणि विचारते, यांच्या नाण्यात काही खास आहे का? मग सांगते की या दोघा-तिघांनीच शोधनिबंध लिहून पाठवला आणि बाकीच्यांनी वह्या मिटून ठेवल्या, तर छापून काय येईल? एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मॅडम, मग छापलेलं सगळंच खरं वाटेल.” त्या दिवशी सार्थकता पातळी मला वेगळी शिकवावी लागली नाही.

माणूस म्हणजे अणू नव्हे, त्याला प्रयोगशाळेच्या मापाने मोजू नका, असा एक आक्षेप नेहमी येतो. यातला पहिला भाग मला शंभर टक्के मान्य आहे. दुःख, ओढ, लाज या गोष्टी मुलाखतीतून, दीर्घ सहवासातून जशा कळतात तशा प्रतिक्रियाकाल मोजून कळणार नाहीत. पण मुलाखतीवर आधारलेलं कामही काटेकोर असू शकतं आणि ढिसाळही. समोरच्याने आपल्या अपेक्षेविरुद्ध काही सांगितलं तेव्हा ते टिपून घेतलं की वगळलं, हा प्रश्न तिथेही विचारावाच लागतो. माणूस गुंतागुंतीचा आहे म्हणून आपल्याला जास्त सावध राहावं लागेल, कमी नव्हे.

दुसरा आक्षेप असा की पदवी घेणाऱ्यांतले फार थोडे संशोधक होतात, बाकीच्यांना या सगळ्याचा काय उपयोग? उरलेल्यांसाठीच तर हे जास्त गरजेचं आहे. ही मुलं शाळांमध्ये, समुपदेशन केंद्रांत, कंपन्यांच्या भरती विभागांत जातात. तिथे कुणीतरी त्यांच्यापुढे चाचणी ठेवतं आणि म्हणतं, यावरून माणूस ओळखा. मूल ‘बघून शिकणारं’ आहे की ‘ऐकून शिकणारं’, हे ठरवून त्याप्रमाणे शिकवा, असं शिक्षकांना सांगणारे आपलेच पदवीधर मी पाहिले आहेत. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेचे पुरावे तपासले. दोन्ही प्रकारच्या मुलांना दोन्ही पद्धतींनी शिकवून ज्याची त्याची पद्धत ज्याला त्यालाच जास्त फळते असं दिसायला हवं होतं. तसा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. ‘हे तपासलंय का, आणि कसं?’ एवढं विचारायची सवय लागलेला पदवीधर त्या शाळेत असता, तर कितीतरी मुलांवरचा शिक्का टळला असता. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं की रुग्णाबद्दलचे अंदाज बांधताना अनुभवी तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेपेक्षा साधं सांख्यिकी सूत्र बहुधा तितकंच किंवा जास्त बरोबर ठरतं. हे ज्याला माहीत आहे, तो आपल्या मताबद्दल थोडा जपून बोलतो. समोर बसलेल्या माणसाचं त्यात हित असतं.

आता ज्या वहीमुळे हे पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

मध्यंतरी मी एका वर्गाला स्वतःचा प्रयोग आखायला लावला. शांततेत पाठ केलेले शब्द जास्त लक्षात राहतात की गाणी चालू असताना, असा त्यांचा प्रश्न होता. सगळ्यांनी आपला अंदाज आधी लिहून पाकिटात बंद केला. आकडे प्रत्येकाच्या एकट्या प्रयुक्ताचे न घेता वर्गाचे एकत्र केले. फरक निघाला नाही. बऱ्याच वह्यांमध्ये काहीतरी ओढूनताणून निष्कर्ष काढलेला होता. एका मुलीने मात्र लिहिलं होतं : ‘फरक दिसला नाही. याचा अर्थ फरक नसतोच असा होत नाही. आमची शब्दयादी फार सोपी होती, दोन्ही गटांत बहुतेकांना जवळजवळ सगळे शब्द आठवले. त्यामुळे फरक असला तरी तो दिसायला जागाच उरली नाही. पुन्हा करायचा झाला तर मी यादी दुप्पट करीन आणि मध्ये दहा मिनिटं जाऊ देईन.’

खाली तिने कच्च्या आकड्यांचा कागद टाचला होता, खाडाखोडीसकट. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘या वेळी बाहेर आवाज झाला, तरी धरला आहे.’

मी इतकी वर्षं शिकवते आहे. पदवीच्या वहीत इतका सुंदर परिच्छेद मी वाचला नव्हता.

बाह्यपरीक्षकांनी त्या पानावर लाल शाईने ‘गृहीतक सिद्ध नाही, प्रयोग अपूर्ण’ असा शेरा मारला आणि २० पैकी ९ गुण दिले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातातल्या गुणांच्या तक्त्यात ‘निष्कर्ष’ असा रकाना होता आणि तो कसा भरायचा याची एकच रीत त्यांना ठाऊक होती. निकालानंतर ती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. रडली वगैरे नाही. तिने एवढंच विचारलं, “मॅडम, मी आकडे बदलायला हवे होते का?”

मला माझे १३ आठवले. मी तिला ‘नाही’ म्हटलं, पण त्या उत्तरामागे आपली कुठलीही व्यवस्था उभी नव्हती. माझ्या आकड्याला पूर्ण गुण होते आणि तिच्या आकड्याला ९.

म्हणून माझी मागणी गुणांच्या तक्त्याबद्दल आहे. प्रात्यक्षिकाचे बहुतेक गुण आकडे गोळा होण्याच्या आधी द्या. प्रश्न काय, अंदाज काय, किती माणसं घेणार, काय मोजणार, काय गाळणार आणि कधी थांबणार हे विद्यार्थी लिहील. त्यावर परीक्षक सही करील आणि गुण देईल. मगच प्रयोग होईल. उरलेले गुण नोंदी प्रामाणिक आणि पूर्ण आहेत का, आणि जे आलं त्याचा अर्थ विद्यार्थ्याने विचारपूर्वक लावला आहे का, यासाठी ठेवा. गृहीतक टिकलं की पडलं, यावर एकही गुण नको.

ही कल्पना माझी नाही. शोधपत्रिकांनी आपल्या रोगावर हाच उपाय काढला. ‘कॉर्टेक्स’ या शोधपत्रिकेने २०१३ पासून असे निबंध घ्यायला सुरुवात केली, ज्यांची योजना आधी तपासली जाते आणि निकाल काहीही आला तरी छापण्याची हमी दिली जाते. पुढे अनेक शोधपत्रिकांनी ती रीत उचलली. शेल, स्खायन आणि लाकेन्स यांनी २०२१ मध्ये दोन्ही प्रकारच्या निबंधांची तुलना केली. नेहमीच्या पद्धतीने छापलेल्या निबंधांत ९६ टक्के वेळा पहिलं गृहीतक ‘खरं’ ठरलं होतं. आधी हमी दिलेल्या निबंधांत ते प्रमाण ४४ टक्के होतं. मोठमोठ्या संशोधकांनाही निकालाची सक्ती उठल्यावरच निम्म्याहून जास्त वेळा ‘आमचा अंदाज चुकला’ असं लिहिता आलं. मग अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांकडून, वर तक्त्यातला तो रकाना कायम ठेवून, आपण कसली अपेक्षा करतो आहोत?

यासोबत दोन-तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. कच्च्या आकड्यांचा कागद वहीला जोडणं सक्तीचं करा. एका प्रयुक्तावर उरकलेल्या आठ-दहा प्रयोगांऐवजी वर्षाला तीनच घ्या, आकडे सगळ्या वर्गाचे एकत्र करून. शेवटच्या वर्षाला प्रत्येक तुकडीने एखाद्या प्रकाशित अभ्यासाचा फेरप्रयोग करावा, अनेक महाविद्यालयांनी मिळून केला तर नमुना मोठा होईल आणि ते काम खरोखर कुणाच्या तरी उपयोगाला येईल. इतर ठिकाणी पदवीचे विद्यार्थी असं करत आहेत. प्रसिद्ध प्रयोग शिकवताना त्याचं पुढे काय झालं हेही अभ्यासक्रमात लिहा, म्हणजे ते परीक्षेत येईल आणि शिकवलं जाईल. त्यासाठी काही प्रकरणं गाळावी लागली तर खुशाल गाळा. व्यक्तिमत्त्वाचे एक डझन सिद्धान्त नावानिशी पाठ असण्यापेक्षा त्यातले तीन कशाच्या आधारावर उभे आहेत आणि कुठे डळमळतात, हे कळणं मला जास्त मोलाचं वाटतं.

शिक्षकांना यासाठी मदत लागेल, हे मी मान्य करते. आमच्यातल्या अनेकांना योजना तपासून गुण द्यायचा सराव नाही. दोन दिवसांची कार्यशाळा ठेवलीत तर मी यायला आणि माझ्याकडचे नमुने द्यायला तयार आहे. त्या मुलीची वहीही आणीन, तिने परवानगी दिली आहे. माझी जुनी वहीसुद्धा आणीन. त्या पानावर १३ मधल्या १ च्या खाली आधीचा ३ अजून वाचता येतो.

पुढच्या सत्राची प्रात्यक्षिकं सुरू व्हायला थोडा अवधी आहे. नवा तक्ता त्याआधी हातात पडला, तर पहिल्याच तासाला मी तो मुलांना वाचून दाखवीन.

आपली,
मानसशास्त्राची एक शिक्षिका